तारेतून ओळखलेली खिरापत

डब्यात शेंगदाण्याचे लाडू असले, की आवाज गोल यायचा. करंज्या असल्या, की त्याला कडा फुटायच्या. फुटाणे डबाभर सांडायचे, आणि हलवणारीचा हात थांबल्यावरही एखादा दाणा उशिराने तळाशी पोचायचा. भिजवलेली डाळ नुसती सरकायची. झोपेत कुणी कूस बदलावी तशी. सगळ्यांत कठीण शिरा. शिरा बोलतच नसे. डबा जड लागायचा, कानाशी नेला तर आतला उबदार गप्पपणा तेवढा ऐकू यायचा, आणि अंगणातल्या मुली एकमेकींकडे बघत राहायच्या.

भाद्रपदाच्या पौर्णिमेला आमच्याकडे भुलाबाई बसायची. मातीची भुलाबाई, शेजारी मातीचा भुलोजी, दोघांच्या डोळ्यांत काजळाचे ठिपके. तिथून कोजागिरीपर्यंत महिनाभर, दिवेलागण झाली की बाभुळगावच्या आमच्या गल्लीतल्या मुली टिपऱ्या घेऊन या घरातून त्या घरात जायच्या. गाणी संपली की त्या घरची बाई झाकण घट्ट लावलेला डबा आणायची आणि सगळ्यांच्या मधोमध हलवायची. आत काय आहे ते केवळ आवाजावरून ओळखायचं. ओळखलं तर खिरापत मिळायची. नाही ओळखलं तरी मिळायचीच, पण चिडवून चिडवून. ज्वारीच्या ओल्या धांड्यांचा हिरवा वास, दिव्यातल्या जवसाच्या तेलाचा जड वास, आणि शेतांकडून येणारी सोयाबीनच्या कुटाराची, म्हणजे मळणीच्या भुशाची, धूळ. त्या धुळीने घसा खवखवायचा आणि गाणी जरा घोगरी व्हायची. माझ्या मनातला आश्विन अजून त्याच घोगऱ्या आवाजात गातो.

माझी थोरली बहीण, वंदाताई, खिरापत ओळखण्यात कधी चुकली नाही. डोळे मिटून ती मान किंचित कलती करायची आणि डबा हलवणारीला म्हणायची, "आता हळू." जोरात हलवलेल्या डब्यावरून तिने कधी उत्तर दिलं नाही. हळू हलवला की वस्तू आपलं नाव सांगते, असं तिचं म्हणणं. समोरच्या घरातल्या मालाकाकू तिच्यावर खार खाऊन असायच्या. दोन डबे एकात एक घालून आणायच्या, डब्यात फडकं कोंबायच्या. ताई हसायची. "काकू, चकल्या हायेत, अन् त्याईले फडक्यात निजवलं तुमी."

"या पोरीचे कान हायेत का नाक व माय?" मालाकाकू म्हणायच्या. "इले वासच येते."

मग ताईचं लग्न झालं आणि ती उमरखेडला गेली. जिल्हा एकच, पण एका टोकाचं गाव दुसऱ्या टोकाला दिसत नाही. मध्ये बस बदलायची, घाट, जंगल, पुन्हा बस. भुलाबाईला यायला तिला सवड मिळत नसे. पहिल्याच वर्षी, आमच्याकडची गाणी संपत आली असताना, बैठकीतला टेलिफोन वाजला. मी उचलला. पलीकडून ताईने कसलीही विचारपूस न करता सांगितलं, "डबा फोनजोळ आन." आम्ही रिसीव्हर डब्याला लावला. टेलिफोनची तार आवाजाचं सगळं मांस खाऊन टाकते, हाडं तेवढी पुढे पाठवते; तरीही क्षणभर थांबून ताई म्हणाली, "आता हळू." आणि मग, "खाली शेव, वर बत्तासे. मालाकाकूईनं आनला ना डबा? सांग त्याईले, तार लांब हाय, मी लांब नाई."

अंगणात हशा उठला. मालाकाकूंनी कपाळावर हात मारून घेतला. त्या वर्षापासून आमच्या भुलाबाईला एक मुलगी तारेतून येऊ लागली.

पुढे मी लोकगीतांवर प्रबंध लिहायला घेतला आणि त्यासाठी लॅपटॉप विकत आणला. काळा, जाड, मांडीवर घेतला तर मांडी भाजणारा. त्याच्या कुशीत टेलिफोनची तार खोचायला एक चौकोनी भोक होतं, आत मॉडेम होता, आणि सोबत आलेल्या एका सीडीच्या चकतीत फोनवरचं बोलणं साठवून ठेवणारं सॉफ्टवेअर होतं. इंटरनेट जोडताना तो मॉडेम आधी लांब सुस्कारा टाकायचा, मग टिटवीसारखा दोनदा ओरडायचा, आणि शेवटी वाळूतून साखळी ओढावी तसा घरघरत शांत व्हायचा. गल्लीतल्या मुली म्हणायच्या, भुलोजी रागावला. मी घरचा टेलिफोन त्या यंत्रातून फिरवून घेतला. गाणी साठवायची होती. गाण्यांबरोबर ताईही साठत गेली. आश्विन सरला, भुलाबाईचं विसर्जन झालं, तरी ताई कपाटात, काळ्या झाकणाखाली, "आता हळू" म्हणत राहून गेली.

नंतरच्या एका आश्विनात ती बोलेनाशी झाली.

का, ते मला सांगता येणार नाही. तिच्या सासरी कुणाला सांगता आलं नाही, डॉक्टरांना सांगता आलं नाही, आणि तिने कधी लिहूनही दिलं नाही. यवतमाळच्या डॉक्टरांनी घसा पाहिला, नागपूरच्या डॉक्टरांनी नसा पाहिल्या. सगळं जागच्या जागी होतं. मला आठवतो तो फक्त त्या वर्षीचा फोन. घंटी नेहमीच्या वेळी वाजली. आम्ही रिसीव्हर डब्याला लावला, डबा हलवला, मग आपणहूनच हळू हलवला. पलीकडे श्वास होता. एकसारखा, न घाबरलेला श्वास, गाढ झोपलेल्या माणसाचा असतो तसा. मुली ओरडत होत्या, "सांग ना व ताई, सांग ना." तार तशीच श्वास घेत राहिली, मग कट्ट झालं. आतमध्ये खोबऱ्याच्या वड्या होत्या. त्या दिवशी कुणालाच त्या गोड लागल्या नाहीत.

ताई बाभुळगावला कायमची परत आली ती तिच्या लहानग्या मुलीला, पूर्वाला, कडेवर घेऊन. पूर्वाला तेव्हा नुकतं बोलता येऊ लागलं होतं. एका मुलीची भाषा उमलत होती आणि त्याच घरात, त्याच चुलीशेजारी, तिच्या आईची भाषा पुरती थांबलेली. आमची आई गेली, पुढे बाबा गेले. मी नोकरीसाठी यवतमाळला राहिले, सुट्टीला येत गेले. ताईने घर सांभाळलं, पोर वाढवली. तिच्या बांगड्या हेच तिचं बोलणं झालं. एकदा किणकिण केली तर हो. मनगट आवळून धरलं तर नाही. हाक मारायची असली तर उंबऱ्यावर बोटं वाजवायची. पूर्वा त्या भाषेत इतकी तरबेज झाली, की तिला आईचं बोलणं कधी कमी पडत असेल असं आम्हांला वाटलंच नाही.

यंदा पूर्वा पहिल्या बाळंतपणासाठी नेरहून माहेरी आली. मी दिवाळीची सुट्टी लागण्याआधीच रजा टाकून बाभुळगावला गेले. गल्ली ओळखू न येण्याइतकी स्वच्छ आणि रिकामी झाली आहे. मालाकाकूंच्या घराला लोखंडी दार लागलं आहे. भुलाबाई आता कुणी बसवत नाही. मात्र संध्याकाळी सोयाबीनचं कुटार उडतं, त्याच वेळी, तीच खवखव घेऊन. ओसरीवर बसले असताना पूर्वा जवळ येऊन बसली. पोटावर दोन्ही हात ठेवून, आत ताईच्या पाठमोऱ्या आकृतीकडे पाहत म्हणाली, "मावशी, मले आईचा आवाज ऐकाचा हाय."

मी तिच्याकडे वळले.

"माह्या सासूबाई पोटाजोळ तोंड नेऊन गानं म्हनतात. आतला ऐकते म्हनतात सगळं. अन् मी पोटात असताना मीही ऐकलं असन ना? नऊ महिने ऐकलं, वरून दोन-तीन वर्स ऐकलं. अन् एक शब्द आठवत नाही. सपनात आई येते, तर सपनातही बांगड्याच वाजतात." मग म्हणाली, "तुह्या त्या जुन्या लॅपटॉपात हाय म्हने. मालाकाकूईनं सांगतलं होतं, गाव सोडून जाताना."

मी ताईकडे पाहिलं. ती तांदूळ निवडत होती आणि तिला सगळं ऐकू जात होतं. मी विचारलं, "ताई, शोधू का?" सुपातली बोटं थांबली. मग एकदा, अगदी हलकी, किणकिण झाली.

लॅपटॉप माळ्यावर निघाला. पंच्यात गुंडाळलेला, डांबरगोळ्यांच्या वासाचा. झाकण उघडलं तेव्हा कळफलकाच्या फटींतून गव्हाचा एक दाणा घरंगळला. बस स्टँडच्या रस्त्यावर मोबाईल आणि टीव्ही दुरुस्त करणारे इरफानभाई घरी आले आणि त्याला पाहून म्हणाले, "बाई, हा चालू करू का याचं दर्शन घेऊ?"

पण तो चालू झाला. मधल्या काळात कुणीतरी त्याच्यावर नवी विंडोज चढवली होती आणि त्या नव्या घरात जुनं सॉफ्टवेअर पायच ठेवत नव्हतं. साठवलेल्या फायली दिसत होत्या, उघडत नव्हत्या. त्यांची घडण त्या एका सॉफ्टवेअरलाच कळायची, आणि ते सॉफ्टवेअर मॉडेमला हाक मारून, त्याने ओ दिल्यावरच दार उघडायचं. तेव्हा एकच वाट होती: फायली पेनड्राइव्हवर काढून ठेवायच्या आणि लॅपटॉपला पुन्हा मागे न्यायचं, त्याच्या पहिल्या एक्सपीवर.

"सगळे पुढं जातात, तुमी मांगं चालल्या," इरफानभाई म्हणाले. "जाऊ. रस्ता माहीत हाय."

रस्ता माहीत होता, पण मागे गेलेला लॅपटॉप मुका निघाला. पडद्यावर जुनी निळाई आली, जुनी हिरवी टेकडी आली. आणि घड्याळाची आतली बॅटरी केव्हाच मेलेली असल्यामुळे कोपऱ्यातली तारीखही त्याच्या जन्माआधीची झाली. जणू आमच्यापैकी कुणाच्याच बाबतीत अजून काही घडलेलं नव्हतं. आवाज तेवढा आला नाही. इरफानभाईंनी उपकरणांची यादी उघडली. दोन नावांच्या जागी पिवळी प्रश्नचिन्हं होती आणि पुढे लिहिलं होतं, अनोळखी उपकरण. एक ध्वनीचं, एक मॉडेमचं.

यंत्राचा अवयव आणि त्याला चालवणारी प्रणाली यांच्यामध्ये एक दुभाषा लागतो. त्याला ड्रायव्हर म्हणतात. अवयव शाबूत असला आणि दुभाषा नसला, तर दोघंही एकमेकांसमोर मुकाट बसून राहतात. "आवाज आतच हाय, बाई," इरफानभाई म्हणाले. "काही बिघडलं नाही. त्याले बोलावनारा सापडून नाही राह्यला."

हे वाक्य मी पूर्वी नागपूरच्या एका दवाखान्यात, जरा निराळ्या शब्दांत ऐकलं होतं. मी मान वळवून स्वयंपाकघराकडे पाहिलं. ताई चहा गाळत होती. धार अखंड होती.

"याच्यासंगं ड्रायव्हरची चकती आली असन ना?" इरफानभाईंनी विचारलं.

आली होती. आणि ती कुठे गेली तेही मला लख्ख आठवलं. बाबांनी ती ज्वारीच्या शेतात टांगली होती. तेव्हा आमच्याकडे सगळेच टांगायचे. चकती उन्हात फिरली की तिचा लखलखाट होतो आणि पाखरं कणसांवर उतरत नाहीत. बाबांना दोन चकत्या सापडल्या, त्यांतली जास्त चकाकणारी त्यांनी निवडली; दुसरी, सॉफ्टवेअरची, घरातच राहिली. बांधावरून मी ती कितीदा पाहिली होती: दोऱ्याला लटकून, वाऱ्याने गरगर फिरणारी, सात रंग सांडणारी, आणि कसलाही आवाज न करणारी. आमच्या घरातला सगळा आवाज त्या चकतीत होता आणि तो पाखरांना भिववत उभा होता.

"म्हंजे पाखराईनं खाल्ला म्हना आवाज," इरफानभाई म्हणाले. पूर्वा हसली. पोट धरून हसली. त्या घरात इतक्या मोकळेपणी हसलेलं बरेच दिवस कुणी ऐकलं नव्हतं.

लॅपटॉप बनवणाऱ्या कंपनीच्या संकेतस्थळावर हे मॉडेल आता नव्हतंच. मग आम्ही माझ्या मोबाईलवरून ती जुनी चर्चापीठं धुंडाळू लागलो, जिथे माणसं कधीकाळी एकमेकांना अशा अडचणी विचारत. आमच्या भागात उठून गेलेल्या गावाला रीठ म्हणतात. घरं नसतात, पण जोती दिसतात, चिंच दिसते, आणि पारावरचा शेंदूर कोण लावतं ते कळत नाही. ती चर्चापीठं तशी होती. हुबेहूब आमच्याच लॅपटॉपचं नाव घेऊन कुणीतरी विचारलेलं: आवाज नाही, मॉडेम नाही, कृपया मदत करा. खाली दुसऱ्याने: मलाही हवा आहे. तिसऱ्याने: मलाही. मग वर्षाचं अंतर, आणि एकटी ओळ: कुणी आहे का इथे? एका पानावर शेवटी विचारणाऱ्यानेच लिहिलं होतं: मिळाला, आभारी आहे. कुठे मिळाला, ते सांगितलं नव्हतं. सांगून तो उठून गेला होता. मी त्या ओळीखालच्या पांढऱ्या जागेकडे पाहत राहिले. तिथून कुणीतरी आत्ताच पाऊल उचललं असावं असं वाटत होतं.

दुसऱ्या दिवशी दुपारी इरफानभाई पेनड्राइव्ह घेऊन आले. त्यांना एक गोष्ट उमगली होती: ध्वनी आणि मॉडेम हे दोन्ही एकाच पुलावरून यायचे आणि जुन्या विंडोजला तो पूल मुळात ठाऊकच नव्हता. आधी पूल, म्हणजे त्याचा ड्रायव्हर, घालायचा, मग दोघांना बोलवायचं. त्यांनी पूल घातला. ध्वनीचं प्रश्नचिन्ह मिटलं आणि लॅपटॉपने पहिल्यांदा घसा साफ केला. विंडोज उघडतानाची ती चार सुरांची धून. स्वयंपाकघरात भांडं ठेवल्याचा आवाज झाला, मग काहीच नाही.

"आता मॉडेम," इरफानभाई म्हणाले. "याचा नेमका नाही भेटला. पन याच्या भावकीतला भेटला. एकाच कंपनीचा, एकाच खानदानाचा, आडनाव तेच. चालून जाते."

आमच्याकडे भावकीवर सगळं चालून जातं. लग्नं ठरतात, वाटण्या होतात, साक्षी मिळतात. ड्रायव्हर बसला. दुसरं प्रश्नचिन्हही गेलं. भिंतीतली टेलिफोनची तार कधीच कापली गेली होती, तरी मॉडेमने लांब सुस्कारा टाकला, कुणी नसलेल्या तारेवर टिटवीसारखा ओरडला आणि थांबला. सॉफ्टवेअर उघडलं. मी एका फायलीवर बोट ठेवलं.

आधी खरखर आली. मग मुलींचा गलका, पण तो मुलींचा वाटेना. विहिरीत उतरलेल्या बायका बोलाव्यात तसा जड, लांबलेला. मग टक, टक, टक असं काहीतरी हललं. आणि त्यातून एक बाई बोलली.

"आता... हळू."

आवाज खोल होता. पन्नाशीकडे झुकलेल्या, पुष्कळ पाहिलेल्या बाईचा. शब्द संपला तरी त्याची ऊब मागे राहत होती. पूर्वाने माझा हात घट्ट पकडला. आवाज पुढे काही ओळखत होता, शब्द ताणले जाऊन कळत नव्हते, सावकाश हसत होता. ते हसू अंगणात उतरणाऱ्या सावलीसारखं येत गेलं. पूर्वाच्या डोळ्यांतून पाणी वाहू लागलं. "हेच व मावशी," ती म्हणाली. "आई बोलली असती तर अशीच बोलली असती. तिच्या चेहऱ्याचाच आवाज हाय हा."

आणि खरंच तसं होतं. स्वयंपाकघराच्या दारात ताई उभी होती, केसांत पांढरी बट, ओठ मिटलेले. आणि तिचा आजचा, कधीच न उच्चारला गेलेला आवाज माझ्यासमोरच्या काळ्या पेटीतून येत होता. गेलेली सगळी वर्षं तो आत बसून तिच्याबरोबर वयात येत राहिला असावा, तसा.

मी पुन्हा तीच फाईल लावली. या वेळी मी ताईकडे लक्ष दिलं नाही, डब्याकडे दिलं. टक, टक, टक. मातीत खडे पडावेत तसं. पण ती कोणत्या वर्षाची गाणी आहेत हे मला ठाऊक होतं; त्या संध्याकाळी डबा मीच धरला होता आणि आत फुटाणे होते. फुटाणे असे पडत नाहीत. फुटाणे सांडतात.

"इरफानभाई," मी म्हणाले, "हे मंद चाललंय. डबा चुकीचा वाजतोय. आवाजही तिचा नाही."

त्यांनी कान लावला. "भावकीनंच धोका देला म्हना," ते ओशाळून म्हणाले. "या ड्रायव्हरची चाल धिमी हाय, म्हनून आवाज जड येते. नेमका शोधा लागते."

"नोका शोधू," पूर्वा म्हणाली.

ती हे इतक्या शांतपणे म्हणाली, की इरफानभाईंनी माझ्याकडे पाहिलं. "कायले शोधता? मले हाच पाह्यजे. लहानपनी आई जशी बोलत होती थे मले काय करा लागते? मले आत्ताची आई पाह्यजे." मग आवाज चिरकला. "तू म्हनते हा तिचा नाही. मंग तिचा कोनता? सांग ना. मी तर एकही ऐकला नाही."

मी दाराकडे पाहिलं. ताई तिथे नव्हती. संध्याकाळभर तिच्या बांगड्या वाजल्या नाहीत. भाकऱ्या थापतानाही तिने मनगट कसं सांभाळलं कोण जाणे. जेवताना पूर्वाने तो खोल आवाज मोबाईलवर भरून घेतलेला पोटाजवळ धरला. अंधूक घरघरत तो म्हणत राहिला, आता हळू, आता हळू. ताई आपल्या लेकीच्या पोटाकडे बघत होती. आपल्या घरात आपल्या नावाने दुसरंच कुणी पाणी भरून जात असावं, तशी.

तिने पान अर्धवट टाकलं, उठली, आणि माझ्या मागे येऊन उभी राहिली. लॅपटॉपवर बोट ठेवून तिने मनगट आवळलं. नाही. हा नाही.

दुसऱ्या दिवशी मी पूर्वाला तेवढंच सांगितलं: "तुझी आई म्हणाली, तो तिचा नाही." पूर्वा खिडकीबाहेर पाहत बसली. तिथूनच म्हणाली, "मंग शोधा."

नेमका ड्रायव्हर सापडला तो परक्या लिपीतल्या एका रिठीवर. मॉडेमवर कोरलेला आकडा शोधता शोधता पान उघडलं. ज्याने ती फाईल तिथे ठेवली होती त्याचं शेवटचं येणं कितीतरी वर्षांपूर्वीचं होतं. त्याचं म्हणणं भाषांतरात असं दिसलं: माझा लॅपटॉप गेला, हा ठेवून जातो, कुणाला लागेल. दुवा जिवंत होता. पारावर शेंदूर कुणीतरी लावून ठेवला होता.

इरफानभाईंनी भावकीतला ड्रायव्हर काढला, नेमका बसवला. ऊन कलत होतं. ओसरीवर कुटाराची सोनेरी धूळ तरंगत होती. पूर्वा लॅपटॉपसमोर भिंतीला टेकून बसली. ताईला मी बोलावलं नाही, पण ती आली. पदराला हात पुसत आली आणि माझ्या शेजारी, जमिनीवर, आम्ही मुली असताना बसायचो तशी, एक गुडघा उभा करून बसली. इरफानभाई न सांगता अंगणात निघून गेले.

फुटाणे सांडले. या भिंतीवरून त्या भिंतीवर, आणि एक दाणा उशिरा. मुली खिदळल्या, खऱ्या मुली, काचेसारख्या. त्यांत माझं हसू होतं, त्यांत आता नसलेल्या दोघी होत्या. आणि मग तार ओलांडून एक पोरगी बोलली, घाईघाईने, श्वास पुरत नसल्यासारखी, हसू दाबत:

"आता हळू. हो, हळू. फुटाने. मालाकाकू, फुटाने आनले ना? काहून व, वर्सभर दुसरं काही भेटलं नाही? थांबा, पूर्वा उठली. रडून राह्यली. आली व बाई, आली, आली..."

तो "आली" तारेवरून दूर गेला, दुसऱ्या खोलीत गेला, बहुधा पाळण्यापाशी गेला. एक बाळ रडायचं थांबलं. मग खरखर, मग काही नाही.

पूर्वा पापणी न हलवता बसली होती. तिला रडू आलं नाही. दोन्ही हात पोटावर होते आणि ओठ जरासे उघडे. "मावशी," ती कुजबुजली, "ही तर माह्याहून लहान हाय." आणि ती आपल्या आईकडे पाहू लागली, एखाद्या फोटोवरून माणूस शोधावा तशी.

ताईने हात पुढे केला. लॅपटॉपच्या गरम अंगावर तळवा ठेवला, आजाऱ्याच्या कपाळावर ठेवावा तसा, आणि मान किंचित कलती केली. पडद्यावर जन्माआधीची तारीख स्थिर होती. तिच्या गळ्याखालची शीर हलली. एकदा हलली, थांबली, पुन्हा हलली. समोर पूर्वा भिंत सोडून पुढे झुकली.

ताईने लेकीकडे पाहिलं नाही. ती माझ्याकडे वळली. तिच्या डोळ्यांत त्या आवाजाची ओळख नव्हती, भीतीही नव्हती. तारेपलीकडच्या त्या पोरीविषयी तिला खरोखरच काही जाणून घ्यायचं होतं. आणि मग ओठ उघडले. जो आवाज आला तो काल ऐकलेला नव्हता, आत्ता ऐकलेलाही नव्हता. कोरडा, न वापरलेला, धुळीने किंचित घोगरा. त्या आवाजात तिने मला विचारलं,

"कोन?"